जर्मनी देश व नगरचा शेतकरी

दोन देशांचे संबंध म्हटले की वकिलाती, करारमदार, पाहुण्या प्रधानांच्या स्वाऱ्या व त्यांचे सत्कारसमारंभ हेच सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या गोष्टी दिल्लीस व्हावयाच्या. पाथर्डीच्या किंवा पारनेरच्या जिरायतदाराचा त्यांच्याशी संबंध तो काय, असा समज आपल्या मंडळींत रूढ आहे. हा समज बरोबर नाही, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे. हजारो मैलांवरील एका देशाशी आमच्या जिल्ह्याचा संबंध शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. त्या संबंधातून आमच्या शिवारात काय आले, त्यातील काय टिकले व काय आम्ही हातचे घालविले, याचा हिशेब शेतकऱ्यानेच मांडावयास हवा. तो देश म्हणजे जर्मनी होय.

प्रथम राजकीय संबंधाचे थोडक्यात पाहू. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हिंदुस्थानात असलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन लोकांस इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले, व त्यांची मोठी छावणी आमच्या नगरासच होती. १९३९ साली दुसरे युद्ध सुरू झाले तेव्हाही असेच घडले. म्हणजे जर्मन मनुष्य नगरास प्रथम मोठ्या संख्येने आला तो मित्र म्हणून नव्हे, तर कैदी म्हणून. पुढे नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू व त्यांचे सहकारी बंदीत होते. तेच नेहरू स्वतंत्र भारताचे पंतप्रधान असताना १९५१ साली भारताने जर्मनीशी असलेली युद्धस्थिती संपल्याचे जाहीर केले व पश्चिम जर्मनीशी राजनैतिक संबंध जोडले. पूर्व जर्मनीस भारताने मान्यता दिली ती १९७२ साली. रुरकेल्याचा पोलाद कारखाना व मद्रासची तंत्रशिक्षण संस्था ही या स्नेहाची सर्वांस दिसणारी फळे होत. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची फळे निराळीच आहेत व ती कारखान्यांइतकी चटकन नजरेस भरत नाहीत.

दूरच्या देशाकडून शेतकऱ्याच्या घरी तीन प्रकारच्या वस्तू येतात: माल, पैसा व रीत. यांपैकी मालाचा विचार आधी करू. युरियाची गोणी आज प्रत्येकाच्या ओळखीची आहे. युरिया हा पदार्थ प्रयोगशाळेत प्रथम तयार केला तो फ्रीडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८२८ साली. पिकास जमिनीतून कोणती द्रव्ये लागतात याचा शास्त्रीय विचार युस्टुस फॉन लीबिग याने १८४० च्या सुमारास मांडला. हवेतील नत्रापासून खत बनविण्याची कृती हाबर व बॉश यांनी सिद्धीस नेली व १९१३ साली तिचा पहिला कारखाना जर्मनीत चालू झाला. आमच्या गोठ्यातील काळीबांडी होल्स्टीन गाय आपल्या नावात उत्तर जर्मनीतील एका प्रांताचे नाव वागविते. हे सारे उपयोगाचे खरे. परंतु त्याच जर्मन रसायनविद्येने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली व बिहार-बंगालमधील निळीच्या लागवडीची पुढे वाताहत झाली, हेही विसरता कामा नये. परक्या देशाचा माल जसा तारतो तसा मारतोही.

आपला माल तिकडे जातो त्यासही हाच न्याय लागू आहे. महाराष्ट्राची द्राक्षे हॉलंडच्या बंदरातून जर्मनीच्या पेठांपर्यंत पोहोचतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्यास बागाईतदार ‘सीसीसी’ म्हणून ओळखतात, त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला. अनेक कंटेनर अडकून पडले व बागाईतदारांचे अतोनात नुकसान झाले. वेलीवर काय मारले व केव्हा मारले, हे जर्मनीतील गिऱ्हाईक विचारू शकते. आणि त्याने विचारावे हे वाजवीही आहे. मात्र तेथील नियम येथे वेळेवर कळविणारी यंत्रणा कमी पडली तर नुकसान शेतकऱ्याच्या माथी बसते. तात्पर्य, मालाचा संबंध हा बाजाराचा संबंध होय. तो भावाबरोबर चढतो व भावाबरोबर उतरतो.

आता तिसऱ्या वस्तूकडे, म्हणजे रीतीकडे वळू. पैशाचा विचार तिच्या ओघात येईल. १८४६-४७ च्या हिवाळ्यात जर्मनीच्या पश्चिम भागात पीक बुडून लोकांची अन्नान्नदशा झाली. वायरबुश नावाच्या खेड्यांच्या गटाचा कारभार त्या वेळी फ्रीडरिक विल्हेल्म रायफायझन या तरुण अधिकाऱ्याकडे होता. त्याने सुस्थितीतील गावकऱ्यांकडून पैसे उभे करून धान्य आणले, सामाईक भट्टी घातली व गरिबांस उधारीवर भाकर दिली. परंतु पुढील काही वर्षांत त्याच्या ध्यानात आले की, श्रीमंतांच्या दयेवर चालणारी मंडळी दया आटताच बंद पडते. म्हणून १८६४ साली हेडेस्डॉर्फ येथे त्याने निराळ्या पायावर पतपेढी काढली. तिचे नियम असे: क्षेत्र लहान, म्हणजे सर्व सभासद एकमेकांस ओळखतील इतकेच, कर्ज सभासदासच, व तेही उत्पादक कामास, एकाच्या कर्जास सर्वांची अमर्याद जबाबदारी, कारभारी बिनपगारी, आणि नफा वाटून न घेता राखीव निधीत टाकावयाचा. शेजाऱ्याची चालचलणूक हेच तारण, हे या रीतीचे मर्म होय.

हा रायफायझन तिकडे आपल्या पतपेढ्या वाढवीत होता त्याच काळात आमच्याकडे काय चालले होते? १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी रयतेने सावकारांवर हल्ला केला व ते लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात पसरले. पारनेर, श्रीगोंदे या भागांत रोखे व दस्तऐवज हिसकावून जाळण्यात आले. चौकशी झाली व १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. परंतु कायद्याने सावकाराचा हात धरला, तरी शेतकऱ्याच्या हातात बियाण्यास पैसा आला नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी प्रशियातील जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करून १८८३ साली त्यावर लिहिले. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारची तीस अनुकूलता होती, पण विलायतेतील भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. पुढे मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पेढ्यांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ साली दोन खंडांत अहवाल दिला. या देशास रायफायझनसारख्या माणसाचा शोध हवा, हे त्या मोठ्या अहवालाचे सार होते. त्यातून १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, व खेड्यातील पेढीस त्यात अमर्याद जबाबदारी व राखीव निधी ही दोन्ही कलमे रायफायझनच्याच वळणावर घातली गेली.

आज गावोगाव जी सोसायटी आहे, जिच्या सचिवाकडे आपण सात-बाराचा उतारा घेऊन जातो, तिचे मूळ हे असे आहे. आमच्या जिल्ह्याने तर या रोपाचा वटवृक्ष केला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभारला व १९५० साली तो चालू झाला. शेतकरी कारखानदार होऊ शकतो, हे जगास दाखविण्याचा मान या जिल्ह्याचा आहे. त्यात विखे पाटलांचे कर्तृत्व, गाडगिळांची विद्या व भागधारकांचा विश्वास आहे. जर्मनीचे नाव तेथे कोणी घेत नाही व घ्यावयाचे कारणही नाही. उसनी आणलेली रीत आपल्या मातीत रुजली म्हणजे तिचे परकेपण नाहीसे होते.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे. आमच्या जिल्ह्याचा अकोल्याकडील पश्चिम भाग सोडला तर बाकीचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेत येतो. १९७२ च्या दुष्काळात आम्ही खडी फोडली व पाझर तलाव खणले. पण डोंगर उघडेच राहिल्याने कित्येक तलाव गाळाने भरले. अशा स्थितीत १९८९ च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची आखणी झाली व १९९० नंतरच्या दशकात त्याचे काम शिवारात उतरले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले व उभे आयुष्य आमच्या जिल्ह्यात वेचलेले जेझुइट फादर हर्मन बाखर हे त्याचे प्रवर्तक. त्यांचे देहावसान २०२१ साली झाले. पैसा जर्मन सरकारचा, तो त्यांच्या के.एफ.डब्ल्यू. या पेढीमार्फत व आमच्या नाबार्डमार्फत यावयाचा; गावकऱ्यांस तयार करण्याच्या कामी जर्मन तांत्रिक साहाय्य व १९९३ साली स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, दरेवाडी अशा गावांनी या कार्यक्रमात नाव मिळविले. दरेवाडीचे काम १९९६ ते २००१ या काळातील आहे.

येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. के.एफ.डब्ल्यू. ही पेढी १९४८ साली स्थापन झाली ती परदेशास मदत करण्यासाठी नव्हे. युद्धात बेचिराख झालेल्या आपल्याच देशाची पुनर्बांधणी करण्यासाठी, अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या पैशावर, ती उभी राहिली. ज्या राष्ट्राने स्वतः मदत घेतली त्याने पुढे दुसऱ्यास मदत केली, यात घेणाऱ्यास कमीपणा नाही. परंतु घेतलेल्या मदतीतून पुढच्यास देण्याइतके आपण उभे राहिलो की नाही, हा प्रश्न मात्र घेणाऱ्याने स्वतःस विचारला पाहिजे.

या कार्यक्रमाचे महत्त्व पैशात नव्हते, शर्तींत होते. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी, मग निवड व्हावी. पुढे मजुरीचा काही हिस्सा गावाने श्रमदानाने सोसावा. कुऱ्हाडबंदी व मोकाट चराईबंदी पाळावी. ग्रामसभेने नेमलेल्या पाणलोट समितीने हिशेब ठेवावा. प्रथम वर्ष-दीड वर्ष लहान क्षेत्रावर काम करून दाखवावे व ते जमले तरच पूर्ण कामाचा पैसा मिळावा. काम माथ्यापासून पायथ्याकडे चालावे: वर समतल चर व झाडे, मधे बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध, आणि शेवटी नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बांध. प्रत्येक गटात शेतकरी व त्याची कारभारीण यांस बरोबर घेऊन, जागेवर उभे राहून, कोणत्या तुकड्यात काय करावयाचे ते ठरवावे. रायफायझनच्या नियमांशी हे ताडून पाहा. क्षेत्र लहान, ओळखीची माणसे, सामाईक जबाबदारी, आधी विश्वास मग पैसा. सव्वाशे वर्षांच्या अंतराने तीच रीत पुन्हा आमच्या दारी आली. एकदा कर्जाच्या रूपाने, एकदा पाण्याच्या रूपाने. या अनुभवावर भारत सरकार व नाबार्ड यांनी प्रत्येकी शंभर कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला व ही पद्धत इतर राज्यांत नेली, ही आमच्या जिल्ह्यास भूषणावह गोष्ट होय.

आता हिशेबाची दुसरी बाजू. रीत आली, रुजली. परंतु टिकली का? सोसायटीचे पाहा. क्षेत्र गावापुरते राहिले, पण शेजाऱ्याची चालचलणूक पाहण्याचे काम आम्ही सोडून दिले. निवडणुकीच्या वेळी आठवते ती सोसायटी आपली, व फेडीच्या वेळी ती सरकारची, अशी आमची विभागणी झाली आहे. २००८, २०१७ व २०१९ साली कर्जमाफ्या झाल्या. अवर्षणाने व गारपिटीने मोडलेल्या कुटुंबास माफी द्यावी, याविषयी आमचा वाद नाही. परंतु नियमाने फेडणारा मूर्ख ठरावा अशी हवा गावात पसरली, तर तारण म्हणून जी चालचलणूक धरली तीच नाहीशी झाली म्हणावयाची.

पाणलोटाचे त्याहून कठीण आहे. बांध घातले, पाणी जिरले, विहिरींची पातळी वर आली. पुढे काय झाले? ज्याच्या अंगी ऐपत त्याने विंधन विहीर घेतली, एकाने दोनशे फूट तर दुसऱ्याने चारशे फूट. सर्वांनी घाम गाळून डोंगरात साठविलेले पाणी एकट्याच्या मोटारीने उपसले जाऊ लागले. बाजरी-मठाच्या शिवारात ऊस दिसू लागला. चर गाळाने भरले, ते पुन्हा उकरावयास कोणी जात नाही; कारण समिती कामापुरती होती व काम संपले, अशी समजूत. जर्मनीचा पैसा संपल्यावर जर्मनीची शर्तही संपली, असे ज्या गावाने मानले त्याने शर्त कधी आपली मानलीच नव्हती.

चराईबंदीसंबंधाने एक सत्य स्पष्टपणे सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. आपण या पत्राचे वाचक बहुतेक खातेदार आहोत. बंदीचा लाभ, म्हणजे विहिरीचे पाणी, खातेदारास मिळते. बंदीचा पहिला भार मात्र ज्यास जमीन नाही अशा मेंढपाळावर पडतो. गंमत अशी की, या मेंढपाळांचे मोल एका जर्मन पंडितानेच जगापुढे मांडले. हायडेलबर्गचे डॉ. गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) यांनी दख्खनच्या धनगरांबरोबर हिंडून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या ओव्या आपल्या शिवारात, मेंढ्या बसविल्या असता, रात्री आपण ऐकत आलो, त्यांत दख्खनचा इतिहास दडला आहे हे त्यांनी दाखविले. एका जर्मनाने धनगराचे गाणे जपावे, व दुसऱ्या जर्मनांच्या पैशाने झालेल्या कामात धनगराचा डोंगर बंद व्हावा, यात विसंगती आहे. तिचा दोष परक्यांस देण्यात अर्थ नाही. ग्रामसभेत मेंढपाळाचे म्हणणे ऐकून घेणे हे आपले काम होते. डोंगर एकदम बंद न करता पाळीपाळीने बंद करणे, कापून नेण्याच्या गवतात त्यास हिस्सा देणे, व त्याच्या मेंढ्या शेतात बसविण्याचा मोबदला चोख देणे, एवढे केले तर बंदी पहारेकऱ्यावाचून पाळली जाते.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, आम्हास परक्यांकडून शिकण्याचे कारण काय? राळेगणसिद्धीस अण्णा हजारे यांनी व हिवरे बाजारास पोपटराव पवार यांनी जर्मनीवाचून काम करून दाखविलेच आहे. हे अगदी खरे आहे, व आमचा मुद्दा यामुळे बळकटच होतो. हिवरे बाजारात १९९० नंतर जे झाले त्यात पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडणे, शेतीसाठी विंधन विहिरींस बंदी व उसास मज्जाव हे गावानेच ठरविले. म्हणून तेथील काम टिकले. पैसा कोठून आला यावर काम टिकणे अवलंबून नाही, नियम कोणी केला व तो कोण पाळतो यावर ते अवलंबून आहे.

दुसरा आक्षेप असा की, परदेशाची मदत निःस्वार्थ नसते. नसेल. जर्मनीस आपली यंत्रे, मोटारी व औषधे भारतात विकावयाची आहेत, व भारताचा स्नेह तीस हवा आहे. परंतु शेजारी आपल्या शेतात पाणी यावे म्हणून वरचा बांध दुरुस्त करतो, त्याचा आपल्यालाही लाभ होतो, म्हणून आपण तो बांध फोडीत नाही. दोन्ही बाजूंच्या हिताचा व्यवहार हाच टिकाऊ व्यवहार होय. स्वाभिमान मदत नाकारण्यात नाही, मदतीने जे झाले ते आपल्या खर्चाने सांभाळण्यात आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते प्रत्येक पाणलोट गावाने चार गोष्टी या वर्षी हाती घ्याव्यात. पहिली, पावसाळा सरताच ग्रामसभेत विहिरींची पातळी व पडलेला पाऊस फळ्यावर लिहून रब्बीस किती पाणी आहे ते मोजावे व त्या मानाने पिके ठरवावीत. दुसरी, पाणलोटाचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक विहिरीमागे व विंधन विहिरीमागे वार्षिक वर्गणी बसवून दुरुस्तीचा राखीव निधी सोसायटीत ठेवावा. रायफायझनच्या नियमाप्रमाणे तो वाटून घेता येऊ नये. तिसरी, उन्हाळ्यात दोन दिवस सर्व गावाने चरांतील गाळ काढावा. सरपंच व सोसायटीचे चेअरमन यांनी त्यात प्रथम कुदळ धरावी. चौथी, चराईचा ठराव मेंढपाळांस समोर बसवून नव्याने करावा. यांतील एकाही कामास बर्लिनची किंवा दिल्लीची मंजुरी लागत नाही.

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. चौंडीच्या या लेकीने विहिरी, बारव व घाट बांधले ते आपल्या राज्याच्या सीमेपलीकडेही, दूरदूरच्या मुलखांत. जो प्रांत आपला नव्हे तेथेही पाण्याची सोय करावी, ही दृष्टी त्या काळी एका माळव्याच्या राणीस होती. तिच्या नावाच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याने निदान आपल्या शिवारातील, परक्याच्या पैशाने व आपल्या घामाने झालेला बांध फुटू देऊ नये. उद्या कोणी जर्मन पाहुणा दरेवाडीच्या डोंगरावर आला, तर त्यास सत्काराची शाल देण्यापेक्षा गाळ काढलेला चर दाखविणे हे दोन देशांच्या स्नेहाचे अधिक खरे प्रमाण ठरेल.